मोहीम फत्ते, विमान कुठे?

नोएडा, १८ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

काही मागायचं असेल तर फोन करू नकोस, पत्र लिही, आणि मराठीत लिही, असं तू बजावलं होतंस. बरोबरच आहे. फोनवर तू माझं एक वाक्य ऐकतेस, मग ते आतोबांच्या कानात ओरडून सांगतेस, आणि तोवर मला काय बोलायचं होतं तेच मी विसरतो. म्हणून हा ईमेल. तू नेहमीप्रमाणे प्रिंट काढून चहाच्या कपाशेजारी त्यांच्यापुढे ठेवशीलच. फक्त लाल पेन हातात घेऊ नकोस, प्लीज. भाषांतर विभागातून तू रिटायर झालीस, पण माझ्या पत्रांना अजून तेच भोगावं लागतं.

तर मागणी अशी. आमचा ‘तूफान स्क्वाड्रन’ बाजारात येऊन तीन महिने झाले. तुला सांगितलं होतं ना, लढाऊ विमानांचा कॉम्प्युटर गेम? आर्केड पद्धतीचा आहे, म्हणजे खऱ्या विमानाशी फारसा संबंध नाही. इंधन संपत नाही, क्षेपणास्त्रं संपत नाहीत. बसायचं, उडायचं, समोर येईल ते पाडायचं. शेवटचं शत्रूविमान पडलं की ‘मोहीम फत्ते’. चार वर्षं मी या एका गोष्टीवर काम केलंय, आत्या. बाबा अजून विचारतात की नोकरीचं काय ठरवलंस.

गेम जिथे विकला जातो त्या साइटवर खेळणारे अंगठा वर किंवा खाली करतात आणि दोन ओळी लिहितात. आमचे अभिप्राय सध्या ‘संमिश्र’ आहेत. एकाने लिहिलंय, “ग्राफिक्स झकास, शत्रू मठ्ठ.” दुसरा म्हणतो, “कँटीनच्या चहासारखा आहे, गरम असेपर्यंत ठीक.” गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीने मानसला, म्हणजे आमच्या बॉसला, साफ सांगितलंय. वर्ष संपेपर्यंत ‘संमिश्र’चं ‘चांगला’ झालं नाही तर काम बंद. म्हणजे टीम बंद, आणि मी घरी.

तुमच्या मंडळात गणपतीला सगळे येतात ना? त्यातल्या काही जणांनी खेळून बघितला आणि चार शब्द लिहिले तर फार मदत होईल. कोड मी पाठवतो, कुणाला काही खर्च नाही. बोल, करशील?

तुझा,
आशय

•

गुरुग्राम, १ सप्टेंबर २०२५

चि. आशयला अनेक आशीर्वाद, आणि त्यातले निम्मे त्याच्या गेमला,

काम फत्ते झालं आहे, हे आधी सांगते म्हणजे तू नीट श्वास घेशील.

परवा आरतीनंतर आमच्या सचिव सुखदाताईंनी माइक हातात घेतला आणि जाहीर केलं की अलकनंदाताईंच्या भाच्याने विमानांचा खेळ तयार केला आहे आणि मराठी माणसाच्या पाठीशी उभं राहणं हे आपलं कर्तव्य आहे. टाळ्या पडल्या. प्रसादाच्या टेबलाशेजारी दोन लॅपटॉप मांडले. मंडळाच्या पोरांनी एकेकीचं खातं उघडून दिलं. लाडू घ्यायचा, विमान बघायचं, अभिप्राय लिहायचा आणि पुढे सरकायचं, अशी व्यवस्था होती. जवळजवळ सगळा महिला विभाग लिहून मोकळा झाला. पुरुष मागे राहिले, पण त्यांनाही आम्ही सोडलं नाही.

काय काय लिहिलंय ते ऐक. “अतिशय प्रेक्षणीय खेळ. आयोजकांचे मनःपूर्वक आभार.” “चि. आशय यांस पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.” “विमाने फारच गोड आहेत. रंगसंगती उत्तम.” सुखदाताईंनी तर खाली मंडळाचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांकही टाकला, म्हणजे कुणाला शंका नको.

तुझे आतोबा मात्र रांगेत उभे राहिले नाहीत. “खेळल्याशिवाय काय लिहू?” म्हणाले, कोडचा कागद खिशात घातला आणि घरी आले. तेव्हापासून रोज दुपारी जेवण झालं की तू दिलेली ती जॉयस्टिक घेऊन बसतात. आवाजाचा प्रश्नच नाही, कारण त्यांना तो ऐकू येत नाही. मी पेपर वाचत बसते, आणि पडद्यावर विमानं पडत असतात. निवृत्त विंग कमांडरला एवढं खेळताना बघून मला हसू येतं, पण बरंही वाटतं.

आता आराम कर, आणि डबा खात जा.

तुझी आत्या

•

नोएडा, ९ सप्टेंबर २०२५

आत्या,

तुझ्यावर रागावलो नाहीये, हे पहिलं. बाकीचं वाचताना हे लक्षात ठेव.

प्रत्येक अभिप्रायाच्या वर साइट एक गोष्ट छापते, ती मी तुला सांगायला विसरलो. त्या माणसाने गेम किती वेळ खेळला, ते. मंडळातल्या सगळ्यांच्या नावावर दोन मिनिटं, तीन मिनिटं असं दिसतंय. एका काकूंच्या नावावर शून्य. एका संध्याकाळी, एकाच जागेवरून, दोन मिनिटं खेळून सगळे आयोजकांचे आभार मानतायत म्हटल्यावर साइटला वाटलं की आम्ही भाड्याने माणसं आणली. सगळे अभिप्राय काढून टाकले आणि आमच्या पानावर लाल पट्टी लावली, “संघटितपणे लिहिलेले अभिप्राय वगळले आहेत.” खेळणारे आता आम्हाला ‘आंटी स्क्वाड्रन’ म्हणतात. कुणीतरी तुमच्या नोंदणी क्रमांकाचा फोटो काढून ठेवला होता, तो सगळीकडे फिरतोय.

मानसने सगळ्यांसमोर विचारलं, “यार, ये मंडल क्या है?”

आणि आता खरं दुःख. मंडळाचा एकच अभिप्राय साइटने ठेवला, कारण तो माणूस खरंच खूप वेळ खेळलाय. तो आतोबांचा आहे. तू वाचलायस का? मी इथे उतरवतो.

“खेळ चांगला आहे. शत्रूची विमाने समाधानकारक पडतात. परंतु शेवटचे विमान पाडले की पडद्यावर ‘मोहीम फत्ते’ असे येते आणि काळोख होतो. माझे विमान कुठे गेले? ते उतरले की नाही? जो खेळ विमान हवेत सोडून देतो त्याची शिफारस करत नाही. — विं. कमांडर (निवृत्त) उदयसिंह खानविलकर.”

अंगठा खाली. घरच्या माणसाचा! आणि पानावर सगळ्यात वर तोच दिसतो, कारण लोक त्याला ‘उपयोगी’ म्हणून मतं देतायत. नवीन कुणी गेम घ्यायला आलं की आधी आतोबांचा अभिप्राय वाचतं आणि परत जातं.

उतरणं मी विसरलो नव्हतो, आत्या. पहिल्या वर्षी होतं ते गेममध्ये. ट्रायलला आलेली पोरं सगळी मोहीम मस्त खेळायची आणि उतरताना आपटायची. आपटलं की सगळं पहिल्यापासून. मग शिव्या देऊन निघून जायची. मी बसून बघितलंय ते. म्हणून काढून टाकलं. लोकांना लढायचं असतं, पार्किंग करायचं नसतं.

त्यांना सांग ना तो अभिप्राय काढायला. वाटलं तर चांगला लिहू नका, पण हा काढा. तुझं ते ऐकतात.

आशय

•

गुरुग्राम, १६ सप्टेंबर २०२५

चि. आशयला आशीर्वाद,

मंडळाच्या बाबतीत चूक झाली, ती पदरात घे. कुणाच्या कार्याला गेलं की आपण तोंड भरून कौतुक करून येतो. वरण आळणी असलं तरी “छान झालं होतं हो” म्हणतो. तसंच आम्ही केलं. किती वेळ जेवलो हे कुणी मोजत असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. सुखदाताई दोन दिवस फोन उचलत नव्हत्या.

पण अभिप्राय काढायला मी त्यांना सांगणार नाही. रागावायचं तर रागाव.

गेली पाच-सहा वर्षं आमच्या घरात काय चाललंय ते तुला माहीत नाही, कारण तू येतोस तेव्हा ते हसून बसलेले असतात. त्यांना बसल्या जागी हसायचं छान जमतं. जेट इंजिनांनी कान खाल्ले. कानातलं मशीन लावलं तर सगळे आवाज कढई खरवडल्यासारखे येतात म्हणून ते टेबलाच्या खणात पडून आहे. सोसायटीत खाली गेले की लोक “गुड मॉर्निंग सर” म्हणून ओरडतात आणि पुढे जातात. दुसरं वाक्य ओरडायचा कंटाळा येतो रे माणसांना. मलाही येतो. दिवसच्या दिवस आम्ही “जेवण”, “गोळी”, “झोपा” एवढ्यावर काढले आहेत. मग ते बाल्कनीत बसून विमानतळाकडे उतरणारी प्रवासी विमानं बघतात.

आता त्या अभिप्रायाखाली काय चाललंय ते बघ. तू फक्त अंगठा बघितलास. खाली पोरं लिहितात. पहिल्याने लिहिलं, “अंकल, ये गेम है, एयरफोर्स नहीं.” यांनी एका बोटाने टाइप केलं, “मान्य. परंतु गेममध्येही पायलटला घरी जायचे असते.” मग दुसरा आला, तिसरा आला. कुणी विचारलं, खऱ्या विमानात चाकं कधी काढतात? कुणी विचारलं, भीती वाटते का? हे प्रत्येकाला उत्तर देतात. लिहिलेलं ऐकू यावं लागत नाही. तिथे कुणी यांच्यासाठी ओरडत नाही, आणि कुणाला कंटाळा येत नाही. परवा मला विचारलं, “अलका, ‘नूब’ म्हणजे काय?” मी कुठून सांगू? लखनौच्या एका मुलाने सांगितलं, नवशिका. तेव्हा ते इतके हसले की मी स्वयंपाकघरातून धावत आले. अभिप्राय काढला की त्याखालचं सगळं जातं, असं तूच मला एकदा सांगितलंस. ते मी होऊ देणार नाही.

आणि विमान उतरलं की नाही हे विचारणं तुला हट्ट वाटतो, म्हणून एक सांगते. हवाई दलाच्या स्टेशनवर आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा फ्लाइंग असलं की बायका पोळ्या लाटून ठेवायच्या, पण तवा चढवायचा नाही. शेवटचं विमान धावपट्टीवर टेकल्याचा आवाज आला की सगळ्या घरांतून गॅस पेटायचे. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, आणि यावर कुणी बोलतही नसे. यांनी हवेत काय केलं ते मला आजवर माहीत नाही. यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझ्या वाट्याला आलं ते त्यांचं उतरणं. तुझ्या खेळात ‘फत्ते’ म्हणून दिवा घालवला, तेव्हा पेपर बाजूला ठेवून मीच आधी म्हणाले होते, “अहो, तुम्ही कुठे गेलात?” अभिप्राय त्यांनी लिहिला, पण प्रश्न माझा होता.

तुझी नोकरी मला कळते. ती जाऊ नये म्हणून मी काहीही करीन. हे एक सोडून.

आत्या

•

नोएडा, १२ ऑक्टोबर २०२५

आत्या,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आल्यावर मी तो खालचा सगळा गप्पांचा धागा पहिल्यापासून वाचला. ऑफिसमध्ये वाचत होतो, मग मेट्रोत वाचला. मला लाज वाटली. माझ्या गेमबद्दल इतकं मनापासून कुणीच बोललं नव्हतं, आणि मी ते पुसून टाका म्हणत होतो.

मानसला दाखवलं. तो आधी म्हणाला, “लैंडिंग? फिर से?” मग त्यानेही वाचलं. आता तर पोरं तिथे आपसातच भांडतायत. एक गट म्हणतो, उतरणं हवंच. दुसरा म्हणतो, आर्केडमध्ये लँडिंग म्हणजे आइस्क्रीमवर वरणभात. मानस म्हणाला, तीन आठवडे घे, पण वर्षअखेर डोक्यावर आहे, हे विसरू नको.

तर उतरणं परत आलंय. धावपट्टी, दिवे, बाजूला वाऱ्याची दिशा दाखवणारी ती कापडी पिशवी, सगळं. आतोबा धाग्यात जे जे सांगत होते ते वाचून बनवलंय. अजून बाजारात नाही सोडलं. पहिली आवृत्ती त्यांनाच पाठवतोय. सोबत लिंक आहे. त्यांना म्हणावं, हे तुमच्यासाठी. हे पत्र नक्की छाप.

आशय

•

गुरुग्राम, २५ ऑक्टोबर २०२५

चि. आशय,

फराळाचा डबा पाठवला आहे. चकल्या यंदा जरा कडक झाल्यात, चहात बुडवून खा.

तुझं पत्र वाचून ते उठून उभे राहिले होते. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खेळायला बसले, खोटं सांगत नाही. लढाई पटापट संपवली. मग धावपट्टी दिसली तेव्हा पुढे झुकले. आणि आपटले.

मी म्हटलं, होईल. पुन्हा सगळी मोहीम खेळले, पुन्हा आपटले. आठ-दहा दिवस हेच चाललं. तुझ्या त्या ट्रायलच्या पोरांचं तू लिहिलं होतंस, तसंच. फरक इतकाच की हे शिव्या देत नाहीत. त्यांचा उजवा हात आता थोडा थरथरतो. मला दिसतं, आणि मला दिसलंय हे त्यांना कळतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण अंतर पूर्वीसारखं कळत नाही. एकदा विमान मोडल्यावर त्या काळ्या पडद्याकडे बघत मला म्हणाले, “हे काम मी रोज करत होतो.” एवढंच.

आता दुपारी बसत नाहीत. धाग्यातही लिहीत नाहीत, कारण सगळे विचारतात, “सर, नवीन लैंडिंग कैसी है?” परत बाल्कनी, आणि परत “जेवण, गोळी, झोपा”. हवाही अशी झाली आहे की समोरची इमारत दिसत नाही, मग विमानं कसली दिसणार? तरी बसतात.

आशय, तू बनवणारा आहेस. तुला आतून काही करता येत नाही का? त्यांचं एकदा उतरू दे. फक्त एकदा. मग पुढचं पुढे.

आत्या

•

नोएडा, २९ ऑक्टोबर २०२५

आत्या,

येतं करता. लिंक पाठवतोय. ही फक्त त्यांच्यासाठी केलेली वेगळी आवृत्ती आहे. धावपट्टीच्या जवळ आलं की विमान स्वतःच सरळ होतं आणि हळूच टेकतं. त्यांना काही जाणवणार नाही. तू म्हण, आशयने जुनी एक गडबड दुरुस्त करून पाठवलंय. ते खोटंही नाही म्हणा, जवळजवळ.

बाकीच्यांना लँडिंग कसं द्यायचं ते मलाही अजून कळलेलं नाही. ऑफिसातली पोरंसुद्धा आपटतायत. मानस म्हणतो, पुढच्या महिन्यात जमलं नाही तर काढून टाकू. असो, ते माझं मी बघतो.

हे पत्र मात्र छापू नकोस.

आशय

•

गुरुग्राम, ५ नोव्हेंबर २०२५

आशय, उतरलं रे!

काल दुपारी. मी मुद्दाम शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. दिवे दिसले, विमान खाली आलं, आणि इतकं अलगद टेकलं की मी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं आणि हसले. मी शिरा केला, केळं घालून, सत्यनारायणाला करतात तसा. सुखदाताईंना फोन करून सांगितलं. त्यांनी लगेच मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळी तुझ्या आतोबांनी आणखी एकदा उतरवलं आणि मग लवकर झोपले.

तुझे उपकार मी विसरणार नाही. आपल्या दोघांत राहू दे.

आत्या

•

गुरुग्राम, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय आशय,

मी पत्र लिहितो आहे याचं तुला आश्चर्य वाटेल. सरकारी अर्ज सोडून मी फारसं लिहिलेलं नाही. टाइप करायला दोन दिवस लागले. चुका आत्याने सुधारल्या आहेत.

तू पाठवलेल्या नव्या आवृत्तीत मी उतरलो नाही. विमान उतरलं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मला पहिल्याच वेळी कळलं. वारा डावीकडून होता. ती वाऱ्याची पिशवी तू छान काढली आहेस, ती साफ सांगत होती. माझ्या विमानाचं नाक चुकीच्या दिशेला होतं आणि मी ते सरळ करायच्या आत विमान रेषेवर येऊन बसलं. वारा असा कुणाचं ऐकत नाही. तरी खात्री करावी म्हणून संध्याकाळी पुन्हा खेळलो आणि धावपट्टीजवळ आल्यावर दोन्ही हात मांडीवर ठेवले. तरी उतरलं. फार छान उतरलं. माझ्यापेक्षा छान.

शिवाय तुझं प्रत्येक पत्र चहाबरोबर माझ्यापुढे येतं. त्या आठवड्यात लिंक आली, पण पत्र आलं नाही. मी ऐकत नसलो तरी टेबलावर काय आहे ते मला दिसतं.

तेव्हा मी काही बोललो नाही. तुझ्या आत्याने टाळ्या वाजवल्या होत्या. इतकी खूश मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. माझ्या कानांमुळे तिच्या वाट्याला फक्त ओरडणं आलेलं आहे. म्हटलं, एक शिरा खाऊ या. खाल्ला. गप्प राहणार होतो. पण परवा लखनौच्या त्या मुलाने विचारलं, “सर, लैंड हुआ क्या?” मी ‘हाँ’ असं लिहिलं. पाठवायचं बटण दाबता आलं नाही. तो मुलगा माझ्यावर विश्वास ठेवतो. मग मी ‘हाँ’ खोडलं आणि तुझ्या आत्यापुढे जाऊन बसलो. तिला सगळं सांगितलं. ती आधी रागावली, मग रडली, मग म्हणाली की तुम्हाला कळलं होतं तर शिरा दोनदा का घेतलात. बऱ्याच दिवसांनी आम्ही संध्याकाळभर बोललो. ती ओरडत होती, मी उत्तरं देत होतो. शेजाऱ्यांना सगळं ऐकू गेलं असेल.

तू प्रेमाने केलंस हे मला कळतं. राग नाही. पण मला उचलून खाली ठेवू नकोस. मी पडेन तर पडेन.

आता कामाचं. तुझ्या खेळात लोक पडतात म्हणून चिडत नाहीत. पडल्यावर सगळी लढाई पुन्हा करावी लागते म्हणून चिडतात. तुझी दुसरी चूक मोठी आहे. धावपट्टीजवळ आल्यावर तू विमानाला वर जाऊच देत नाहीस. मी प्रयत्न केला. नाक उचललं, इंजिनाला जोर दिला, तरी ते खालीच खेचतं. म्हणजे उतरायला निघाला की उतरलाच पाहिजे, नाहीतर मेला. असं नसतं, बाळा. खाली येताना काही बिनसलंय असं वाटलं तर आम्ही हट्ट करत नसू. जोर द्यायचा, चाकं आत घ्यायची, वर जायचं, एक फेरी मारायची आणि पुन्हा यायचं. याला गो-अराउंड म्हणतात. आमच्यात त्याची कुणाला लाज वाटत नसे. जो फेरी न मारता चुकीचा उतरायला बघायचा, त्याला मात्र साहेब दारात उभं करून झापायचे. मी स्वतः कितीतरी वेळा फेऱ्या मारल्या आहेत, आणि खाली तुझ्या आत्याला आवाज आला की तिला वाटायचं, आज काय झालं? ते मी तिला परवा पहिल्यांदा सांगितलं.

लोकांना पुन्हा यायची परवानगी दे. आणि मला सगळ्यांची असेल तीच आवृत्ती पाठव.

तुझा आतोबा,
उदयसिंह

•

नोएडा, ११ जानेवारी २०२६

ती. आतोबा आणि आत्या, दोघांना एकाच पत्रात नमस्कार,

आतोबा, तुमच्या पत्राला लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण सॉरी म्हणणं फार लहान वाटत होतं. मग ठरवलं की आधी फेरी बनवायची, मग लिहायचं. नवीन आवृत्ती तुम्हाला आणि बाकी सगळ्यांना एकाच दिवशी मिळाली, एवढं मात्र मी पाळलं.

डिसेंबर आम्ही कसा काढला ते विचारू नका. मानस रोज कंपनीशी भांडत होता. मी भांडत नव्हतो, कारण बोलायला वेळच नव्हता. आवृत्ती सोडली आणि दोन दिवस काहीच झालं नाही. मग लोक लिहायला लागले. “लढताना नाही, उतरताना पहिल्यांदा हात घामेजले.” “कितव्या फेरीला उतरलो ते विसरलो. ओरडलो आणि मम्मी उठली.” “दोस्तासोबत बसलो होतो, तो म्हणत होता जा वर, जा वर, आणि मी ऐकलं.” सगळे खूश नाहीत. एकाने लिहिलंय की मिसाइलच्या गेममध्ये मला ड्रायव्हिंग स्कूल नको होतं. शत्रू मठ्ठ आहेत हे तर सगळेच लिहितात, आणि ते खरं आहे, ते आता सुधारणार आहोत. सुधारणार आहोत असं लिहितोय, यावरूनच तुम्हाला कळलं असेल. वर्ष संपता संपता ‘संमिश्र’ गेलं आणि ‘बहुतांशी चांगला’ आलं. कंपनीने पुढच्या वर्षाचं काम दिलं. आमच्यातलं कुणीही घरी गेलं नाही. बाबांनी पहिल्यांदा विचारलं की या खेळात शत्रू नेमका कोण असतो.

आत्या, तुमच्या महिला विभागातल्या शून्य मिनिटंवाल्या काकूंनी आता स्वतः गेम विकत घेतला आहे आणि त्यांनी भरपूर वेळ खेळून अंगठा खाली केला आहे. लिहिलंय, “विमाने अजूनही गोड आहेत, पण रागीट माणसांनी खेळू नये.” साइटने तो ठेवला. सुखदाताईंना सांग.

पण हे पत्र त्यासाठी नाही. आज सकाळी मी ऑफिसात पोचलो तर सगळे मानसच्या टेबलाभोवती उभे होते. लखनौच्या त्या मुलाने धाग्यात लिहिलं होतं, “सर ने बदल दिया!” पानावर सगळ्यात वरचा जो खालचा अंगठा होता, तो आज वर होता. मानस म्हणाला, “पढ़ के सुना, यार, क्या लिखा है.” मी आधी मराठीत वाचलं आणि मग हिंदीत सांगितलं. आतोबा, तुम्हाला माहीतच आहे काय लिहिलंत ते. आत्यासाठी इथे उतरवतो. तुम्ही तिला न दाखवताच पाठवलं असणार, कारण यात लाल पेन कुठे दिसत नाही.

“या खेळाबद्दलचे माझे पूर्वीचे मत बदलत आहे. लढाई संपल्यावर आता विमान उतरवावे लागते. जमले नाही तर पुन्हा वर जाऊन फेरी मारता येते. मी रोज दुपारी खेळतो. माझे विमान अद्याप एकदाही उतरलेले नाही. शिफारस करतो.”